गेट, खिडकी आणि भगदाड: रेसिंग गेममधल्या चुका संशोधक म्हणून कशा वाचायच्या?

पेटची तयारी करणाऱ्या एका मुलीने मागे मला विचारलं, "दादा, तुम्ही गेमवर पीएचडी करता म्हणजे नेमकं काय करता? दिवसभर खेळता?" मी हसून विषय टाळला. पण घरी आल्यावर प्रश्न डोक्यात राहिला. कारण खरं उत्तर असं आहे की खेळतो कमी आणि चुका जास्त पाहतो. खेळाच्याही आणि माझ्या स्वतःच्याही. आजचा लेख त्या चुकांबद्दल. यात माझी एक मोठी चूकही सांगणार आहे, कारण ती तुम्ही सिनॉप्सिस लिहिताना करू नये असं वाटतं.

सुरुवात गावापासून करू. चंद्रपूरच्या परकोटाला चार गेट आहेत: जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अचलेश्वर. शिवाय पाच खिडक्या: हनुमान खिडकी, विठोबा खिडकी, बगड खिडकी, मसण खिडकी आणि चोर खिडकी. जटपुरा गेटच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. पण जरा थांबून पाहा. गेट म्हणजे बांधणाऱ्याने सगळ्यांना दाखवलेला रस्ता. खिडकी म्हणजे बांधणाऱ्यानेच ठेवलेला, पण लहान आणि माहितगाराचा रस्ता. आणि कुठल्याही जुन्या भिंतीला तिसरा एक रस्ता असतो, जो बांधणाऱ्याने ठेवलेलाच नसतो. पावसाने चार दगड निखळतात, शाळेतली पोरं तिथून उडी मारायला लागतात आणि वर्षभरात पायवाट पडते. ते भगदाड.

रेसिंग गेममध्ये आपण ज्याला सरसकट 'ग्लिच' किंवा 'सीक्रेट जागा' म्हणतो, त्यात खिडकी कोणती आणि भगदाड कोणतं हे वेगळं करणं, हेच अर्धं संशोधन आहे.

मूलचा कॅफे आणि बसचं टप

माझं बालपण मूलचं. चंद्रपूरला वीज तयार व्हायची आणि आमच्याकडे लोडशेडिंग असायचं. त्यामुळे कॅफेतला तास हा घड्याळाचा नसून विजेचा असायचा. सहा कॉम्प्युटर, तासाला पंधरा रुपये, आणि एका खेळणाऱ्याच्या मागे उभे चार सल्लागार. तिथे सगळ्यात जास्त चालायचा तो 'नीड फॉर स्पीड: मोस्ट वॉन्टेड'. २००५ साली आलेला, ईए ब्लॅक बॉक्स या कॅनडातल्या स्टुडिओने केलेला गेम. रॉकपोर्ट नावाचं काल्पनिक शहर, पंधरा जणांची 'ब्लॅकलिस्ट', तिच्या टोकाला रेझर नावाचा खलनायक, आणि सतत मागे लागलेले पोलीस.

ज्यांनी हा गेम खेळलाय त्यांना रोझवुडमधला बस डेपो आठवत असेल. पोलीस मागे लागले की डेपोत शिरायचं आणि उभ्या बसच्या टपावर गाडी चढवायची. झालं. खाली पोलिसांच्या गाड्या घिरट्या घालत राहतात, एकमेकांवर आदळतात, पण वर कुणी येत नाही. मला हे कुठल्या मासिकातून कळलं नाही. मागे उभ्या असलेल्या मावसभावाने सांगितलं: "अबे, बसवर चढव! पोलीस वरतं नाही येत, पाह्य." त्याला ते दुसऱ्या कॅफेत कुणी सांगितलं होतं. त्या दिवशी आम्ही पाऊण तास टपावर बसून पोलिसांकडे पाहत हसलो. गाडी उभी होती, पैसे चालू होते, आणि त्याचं कुणाला दुःख नव्हतं.

आता संशोधक म्हणून याच प्रसंगाकडे पाहू. इथे तीन वेगवेगळी विधानं करता येतात.

पहिलं: टपावर चढल्यावर पोलिसांच्या गाड्या वर येत नाहीत. हे निरीक्षण. दहा वेळा करून दहा वेळा तपासता येतं.

दुसरं: पोलिसांच्या गाड्यांना रस्त्यांचं जाळं दिलेलं असावं, आणि बसचं टप त्या जाळ्यात नसावं. हे अनुमान. पटण्यासारखं आहे, पण गेमचा कोड माझ्यासमोर नाही. म्हणून इथे 'असावं' हाच शब्द हवा.

तिसरं: हा गेम सत्तेच्या नजरेची मर्यादा दाखवतो. हा अन्वयार्थ. यावर वाद होऊ शकतो आणि व्हायलाच पाहिजे.

मी आजवर जेवढ्या सिनॉप्सिस वाचल्या, त्यातल्या बऱ्याच जणांची गाडी पहिल्या विधानावरून थेट तिसऱ्यावर उडी मारते. मधलं विधान गायब असतं. आणि गाईड नेमकं मधलंच विचारतात.

परवानगी असलेली उडी

तरीही मला तिसऱ्या विधानाचा मोह सुटत नाही, कारण या गेमचा शेट. रेझरला हरवल्यावर सगळं पोलीस खातं तुमच्या मागे लागतं. सुटण्याचा एकच मार्ग उरतो. शहराच्या कडेला एक तुटका पूल आहे, जो आतापर्यंत तुमच्यासाठी बंद होता. त्यावरून गाडी उडवायची. तुम्ही पलीकडे पडता, पोलीस अलीकडे थांबतात, खेळ संपतो.

म्हणजे गेमच्या कथेतली सगळ्यात मोठी घटना कोणती? नकाशाबाहेर जाणं. पण हे बाहेर जाणं परवानगीचं आहे. वेळ कथेने ठरवलेली, जागा कथेने ठरवलेली, फोन करून सांगणारं माणूससुद्धा कथेने ठरवलेलं. ते बंडासारखं दिसतं, पण आहे ते जटपुरा गेट. उलट बसच्या टपावर चढणं ही खेळाडूची स्वतःची सुटका. त्याला ना पार्श्वसंगीत आहे, ना शेवटचा सिनेमा. तिथे आपण नियमांच्या आत राहूनच नियमांच्या पलीकडे गेलेलो असतो.

माझं या गेमबद्दलचं मत इथे स्पष्ट सांगतो. 'मोस्ट वॉन्टेड' हा उत्तम बांधलेला गेम आहे, पण त्याच्या कथेतलं बंड पोकळ आहे. त्यातलं खरं स्वातंत्र्य लेखकांनी लिहिलेल्या पुलावर नाही, कुणाच्या लक्षात न आलेल्या बसच्या टपावर आहे. कथेचा शेवट मला आज तपशीलवार आठवतही नाही. डेपोतलं हसू मात्र आठवतं.

डच इतिहासकार योहान हायझिंगा यांनी १९३८ साली 'होमो लुडेन्स' या ग्रंथात एक भेद केला होता. लबाडी करणारा खेळाडू आणि खेळ मोडणारा खेळाडू हे वेगळे असतात. लबाड माणूस निदान खेळ मान्य असल्याचं सोंग तरी करतो. खेळ मोडणारा तेही करत नाही, म्हणून लोक लबाडाला माफ करतात पण मोडणाऱ्याला नाही. आमचा टपावरचा ड्रायव्हर यातला कोणता? मला वाटतं, कोणताच नाही. त्याने एकही नियम तोडला नाही. कुठलाही चीट कोड टाकला नाही. गेमने जे जे करू दिलं तेच त्याने केलं. फक्त गेमने जे सांगितलं आणि गेमने जे म्हणायचं ठरवलं होतं, यातली फट त्याला सापडली. नियम आणि हेतू यांच्यातली ही फट हाच माझ्या प्रबंधाचा विषय आहे. त्या मुलीला हे एका वाक्यात सांगता आलं असतं, पण तेव्हा सुचलं नाही.

सगळीच भिंत भगदाड असते तेव्हा

फट एकच असेल तर मजा. पण पूर्ण भिंतच नसेल तर? त्यासाठी 'बिग रिग्ज: ओव्हर द रोड रेसिंग' पाहायला हवा. २००३ साली स्टेलर स्टोन या कंपनीने केलेला ट्रकच्या शर्यतीचा गेम. खोक्यावर लिहिलं होतं की माल वाहायचा आहे, पोलिसांना चुकवायचं आहे. आत पोलीसच नाहीत. ट्रक घरांमधून, झाडांमधून धुरातून गेल्यासारखा आरपार जातो. पुलावर गेला की पूल त्याला धरत नाही. उभ्या डोंगरावर तो सपाट रस्त्यासारखा चढतो. नकाशाच्या बाहेर गेला तर करड्या पोकळीत चालत राहतो. रिव्हर्स गिअर टाकला तर वेग वाढतच जातो, त्याला वरची मर्यादाच नाही. आणि बटण सोडलं की त्या अफाट वेगातून ट्रक जागच्या जागी थांबतो. एक ट्रॅक निवडला तर गेमच बंद पडतो. प्रतिस्पर्धी ट्रक सुरुवातीच्या रेषेवरून हलत नाही. त्यामुळे तुम्ही जिंकताच. मग मोठा चषक येतो आणि त्याखाली चुकीच्या इंग्रजीत 'यू आर विनर' असं लिहिलेलं असतं, म्हणजे 'तू विजेता' ऐवजी 'तू विजेत' म्हणावं तसं. गेमस्पॉट या समीक्षेच्या संकेतस्थळाने त्याला १० पैकी १ गुण दिला होता.

यावर हसून झालं की समीक्षकाला एक मोह होतो. 'हा गेम म्हणजे स्पर्धेवरचं विडंबन आहे. प्रतिस्पर्धी हलत नाही आणि तरी आपण विजेते, ही आजच्या काळाची प्रतिमा आहे,' वगैरे. मीही असं एक पान लिहिलं होतं आणि खोडलं. कारण विडंबनाला कुणाचा तरी हेतू लागतो. 'बिग रिग्ज' अर्धवट अवस्थेत बाजारात गेलेला माल आहे. त्यात अर्थ सापडतो तो आपल्या पाहण्यात, बनवणाऱ्याच्या मनात नाही. 'हा गेम वाचताना स्पर्धा म्हणजे काय हे मला नव्याने कळतं' असं लिहिणं प्रामाणिक आहे. 'हा गेम स्पर्धेवर टीका करतो' असं लिहिणं म्हणजे ढासळलेल्या भिंतीला शिल्प म्हणणं.

पण प्रामाणिक वाचनातूनही पुष्कळ मिळतं. शर्यतीच्या गेममध्ये आपल्याला वेग हवा असतो असं आपण धरून चालतो. 'बिग रिग्ज' अमर्याद वेग देतो आणि पाच मिनिटांत कंटाळा येतो. म्हणजे आपल्याला वेग नको असतो. भिंत असताना मिळालेला वेग हवा असतो. धडकण्याची भीती काढून घेतली की वेग हा नुसता आकडा उरतो. हे विधान मी एका बिघडलेल्या गेमच्या आधारावर करू शकतो, चांगल्या गेमच्या आधारावर नाही. सायकलची चेन तुटल्यावरच चेन काय करत होती ते कळतं, तसंच हे.

आणखी एक गंमत लक्षात ठेवा, पुढे लागेल. या गेमला नंतर दुरुस्तीची आवृत्ती आली. तिच्यात प्रतिस्पर्धी ट्रक चालतो, पण शेवटच्या रेषेच्या अलीकडे येऊन थांबतो. म्हणजे तुम्ही 'बिग रिग्ज'मध्ये प्रतिस्पर्धी हलतच नाही' असं लिहिलंत तर ते एका प्रतीपुरतं खरं आणि दुसऱ्या प्रतीपुरतं खोटं आहे.

ठेवलेल्या खिडक्या आणि उरलेल्या खोल्या

आता लपवलेल्या जागा. इथेही दोन प्रकार नीट वेगळे करा.

एक, बनवणाऱ्याने जाणूनबुजून ठेवलेली खिडकी. अटारीच्या १९८० च्या 'ॲडव्हेंचर' या गेममध्ये प्रोग्रामर वॉरेन रॉबिनेट यांनी एक गुप्त खोली ठेवली होती आणि तिच्यात स्वतःचं नाव लिहिलं होतं. कंपनी तेव्हा प्रोग्रामरांची नावं छापत नसे. त्या खोलीत जायला एक बारीकसा करडा ठिपका सापडावा लागायचा. म्हणजे लपवलेल्या जागांच्या या परंपरेच्या मुळाशी कष्टकऱ्याची सही आहे. पुढे ती परंपरा चेष्टेची झाली. 'जीटीए: सॅन अँड्रियास' (२००४) मध्ये गँट ब्रिजच्या टोकावर कसरत करून चढलं तर पाटी दिसते, तिचा आशय असा की इथे वर काही दडवलेलं नाही, निघा. पाटी लावणाऱ्याला ठाऊक होतं की कुणीतरी येणारच. ही खिडकी आहे. रॉबिनेटच्या खिडकीत सही होती, या खिडकीत डोळा मारलेला आहे. दोन्ही सीक्रेटच, पण एकीला श्रमाचा इतिहास आहे आणि दुसरीला बाजारातल्या यशाचा आत्मविश्वास.

दोन, उरलेली खोली. 'जीटीए ३' च्या (२००१) सुरुवातीला बँक लुटण्याचा सिनेमा आहे. त्यातला रस्ता खेळाच्या नकाशावर कुठेच सापडत नाही. पण नीट न उडणारं डोडो विमान कसंबसं डोंगरापलीकडे नेलं तर तो रस्ता दिसतो. लोक त्याला 'घोस्ट टाऊन' म्हणतात. इथे काही लपवलेलं नाही. हा सिनेमाचा सेट आहे, शूटिंग झाल्यावर उभा राहिलेला. खेळाडू तिथे गेला की त्याला रहस्य वाटतं. संशोधकाने मात्र विचारावं: ही जागा कुणी लपवली, की नुसती कुणी आवरली नाही?

वाघ, बिगफूट आणि पुरावा

आपल्या भागातल्या माणसाला पुराव्याचा प्रश्न जास्त चांगला कळायला हवा असं मला वाटतं. त्याचं कारण वाघ.

'सॅन अँड्रियास'च्या जंगलात दोन दंतकथा होत्या. एक, तिथे बिगफूट नावाचा केसाळ राक्षस आहे. दुसरी, 'बॅक ओ बियाँड' नावाच्या जंगलात भुताच्या गाड्या आहेत. चेपलेल्या जुन्या मोटारी, आत कुणी नाही, आणि त्या आपोआप तुमच्याकडे चालत येतात. आमच्या कॅफेत दोन्ही गोष्टी एकाच आवाजात सांगितल्या जायच्या. रात्री, लाईट जायच्या वेळेला.

पण दोन्हींचा पुरावा एका दर्जाचा नाही. भुताची गाडी कुणीही जाऊन पाहू शकत होतं. पाहिली की कारणही कळत होतं: उभी गाडी उतारावर निर्माण होते, तिला हँडब्रेक नाही, म्हणून ती घरंगळते. भूत म्हणजे उतार. बिगफूटचे मात्र फक्त धूसर फोटो. ज्याने पाहिला त्याला पुन्हा दाखवता येत नाही, आणि काहींनी तर गेममध्ये स्वतःच फेरफार करून तो आत घातला होता. रॉकस्टारच्या लोकांनी तो नसल्याचं सांगितलं, तरी शोध चालूच राहिला.

आता ताडोबाकडे या. आपल्याकडे कित्येक वर्षं पाऊलखुणांवरून वाघ मोजले जायचे. ठसा घ्यायचा, काचेवर रेखाटायचा आणि हा अमुक वाघ असं ठरवायचं. पाहणाऱ्याची नजर हाच पुरावा. मग २००४-०५ मध्ये राजस्थानच्या सरिस्कात कळलं की कागदावर वाघ आहेत आणि जंगलात नाहीत. त्यानंतर देशभर पद्धत बदलली. कॅमेरा ट्रॅप आले, पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखायला लागले. २००६ च्या नव्या गणनेत देशात १४११ वाघांचा अंदाज आला, आधीच्या आकड्यांपेक्षा खूपच कमी. वाघ एका रात्रीत गायब झाले नव्हते. आधीच्या पद्धतीत भगदाड होतं.

गेमवर संशोधन करताना मी हीच कसोटी लावतो. तुमच्याकडे आहे तो ठसा आहे की पट्टे? कुणाचातरी स्क्रीनशॉट हा ठसा. 'अमुक आवृत्ती, अमुक जागा, या क्रमाने केलं, दहापैकी आठ वेळा झालं' ही नोंद म्हणजे पट्टे.

मी केलेली चूक

आता कबुली. माझ्या पहिल्या सादरीकरणात मी 'मोस्ट वॉन्टेड'बद्दल एक मुद्दा मांडला होता आणि तो मला फार आवडत होता. मुद्दा असा: या गेमला कथा आहे, पण ती मुद्दाम दाखवलेली नाही. रेझरचा चेहरा दिसत नाही, नायकाची गाडी का गेली ते सांगितलं जात नाही. ही 'कथेची अनुपस्थिती' खेळाडूला स्वतः कथा रचायला लावते. छान वाटतं ना? दहा स्लाइड केल्या होत्या.

बाहेरून आलेले तज्ज्ञ शांतपणे ऐकत होते. ते मराठीचे, जुन्या हस्तलिखितांवर काम केलेले. गेम त्यांनी आयुष्यात खेळला नव्हता. त्यांनी एकच प्रश्न विचारला: "कोणती प्रत?"

मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी उलगडून सांगितलं. ज्ञानेश्वरीच्या प्रतींमध्ये पाठभेद शिरले होते, म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली. तुझ्या हातात गेमची कोणती प्रत होती, तिच्यात कुणी काय गाळलं, काय घातलं, हे तू पाहिलंस का?

घरी येऊन पूर्ण प्रत मिळवली. तिच्यात सगळे सिनेमे होते. रेझरचा चेहरा होता, गाडी कशी हिरावली तेही होतं. आमच्या कॅफेत असायची ती 'रिप' प्रत. साठ-सत्तर रुपयांच्या सीडीत मावावी म्हणून कुणीतरी त्यातले सिनेमे काढून टाकलेले. ज्याला मी कलात्मक मौन म्हणत होतो, ती जागा वाचवण्यासाठी केलेली काटछाट होती. भगदाडाला मी शिल्प म्हटलं होतं. दोन दिवस जेवण गेलं नाही.

पण तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की खरा विषय इथेच आहे. नॉर्वेजियन अभ्यासक एस्पेन आर्सेथ यांचा २००७ सालचा एक निबंध आमच्या क्षेत्रात सगळेच वाचतात. त्यात 'अपेक्षित खेळाडू' ही कल्पना आहे: प्रत्येक गेम आपल्या मनात एक खेळाडू धरून चालतो, आणि खरा खेळाडू कधीकधी त्या अपेक्षेविरुद्ध बंड करतो. कल्पना मोलाची आहे, मी ती वापरतो. पण मला ती अपुरी वाटते. या मांडणीत खेळाडू एकटा बसलेला आणि गेमची प्रत एकच, असं गृहीत धरल्यासारखं वाटतं. मूलच्या कॅफेत खेळाडू पाच होते, कळफलक एकाच्या हातात होता, आणि प्रत कुणीतरी कापलेली होती. आमचं बंड कुठल्या अपेक्षेविरुद्ध होतं? ती अपेक्षा सांगणारा सिनेमाच आमच्यापर्यंत पोचला नव्हता. गेमच्या अभ्यासात विदर्भातल्या तालुक्याच्या गावाची भर पडू शकते ती इथे. पण 'कोणती प्रत?' हा प्रश्न आधी विचारला तरच.

बोट गोल फिरते, आपणही

एक उदाहरण मी प्रत्येक कार्यशाळेत सांगतो. २०१६ साली ओपनएआयच्या संशोधकांनी 'कोस्टरनर्स' या बोटींच्या शर्यतीच्या गेमवर संगणकाला शिकवलं. उद्देश होता शर्यत जिंकायला शिकवणं, पण बक्षीस ठेवलं गेममधल्या गुणांचं. वाटेतली लक्ष्यं उडवली की गुण मिळत. संगणकाने काय केलं? एका आडबाजूच्या खाडीत बोट नेली आणि तीच तीन लक्ष्यं पुन्हा पुन्हा उडवत गोल फिरत राहिली. बोटीला आग लागते, ती इतर बोटींवर आदळते, उलट दिशेने जाते, शर्यत कधीच पूर्ण करत नाही. आणि गुण माणसांच्या सरासरीपेक्षा सुमारे २० टक्के जास्त.

वर्गात सगळे हसतात. मग मी विचारतो, यूजीसीच्या २०१६ च्या नियमांत प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापणं बंधनकारक होतं, आठवतं? हेतू चांगला होता: विद्यार्थ्याने लिहावं, तपासून घ्यावं, जगासमोर मांडावं. गुण मात्र ठेवला छापील निबंधाचा. मग पैसे घेऊन आठ दिवसांत छापणारी जर्नल्स उगवली. मे २०१८ मध्ये यूजीसीला आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ जर्नल्स काढावी लागली. २०२२ च्या नियमांत ती सक्तीही गेली. खाडीत गोल फिरणारी बोट आपणच होतो.

म्हणून मला गेममधल्या चुका क्षुल्लक वाटत नाहीत. नियम लिहिणारा हेतू मनात ठेवतो, पण खेळणाऱ्याला फक्त नियम मिळतो. बसच्या टपावर ही फट हसवते. प्रबंधात तीच फट पाच वर्षं खाते.

तुम्ही सुरू करताना

चार गोष्टी सांगून थांबतो.

पहिली, तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'चूक', 'लपवलेली जागा', 'उरलेली जागा' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका. प्रत्येकामागे वेगळा कर्ता आहे, किंवा कर्ताच नाही.

दुसरी, निरीक्षण, अनुमान आणि अन्वयार्थ वहीत तीन वेगळ्या रकान्यांत लिहा. माझ्या वहीत आता तशा उभ्या रेघा मारलेल्या आहेत.

तिसरी, प्रत नोंदवा. आवृत्ती, दुरुस्ती, कुठून मिळाली, काय गाळलेलं आहे. कविता असो, लोकगीत असो, गेम असो.

चौथी, आजच नोंदवा. अमेरिकेचा आख्खा नकाशा छोटा करून बनवलेला 'द क्रू' हा मोकळ्या नकाशाचा रेसिंग गेम यूबिसॉफ्टने डिसेंबर २०१४ मध्ये आणला. तो एकट्याने खेळायलाही कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेलं असावं लागायचं. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले. विकत घेतलेल्या माणसाच्या हातातही गेम उरला नाही. त्याचे रस्ते, त्याच्या चुका, कुणाला सापडलेली आणि कुणालाच न सापडलेली जागा, सगळं एका दिवसात गेलं. परकोट ढासळला तरी दगड राहतात. इथे दगडही राहत नाहीत.

मूलचा तो कॅफेही आता नाही. तिथे मोबाईल रिचार्जचं दुकान आहे. मागच्या दिवाळीत मावसभावाला विचारलं, "बसवर चढायचं तुला कुणी सांगितलं होतं रे?" त्याने थोडा विचार केला. म्हणाला, "आठवत नाही बा. सगळ्यांनाच माहीत होतं." मी वहीत लिहून घेतलं. पहिल्या रकान्यात.